नवीन वर्षात मुलांसाठी खरंच काय बदलता येईल? मुलाची वही वाचल्यापासून झोप नाही

रेवाची_आई (ठाणे), २ जानेवारी

नमस्कार सगळ्यांना. खूप महिन्यांनी लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा पाचवीत आहे, साडेदहा वर्षांचा. धाकटी रेवा सिनियर केजीत. नाताळच्या सुट्टीत शाळेने नवीन वर्षाचे पाच संकल्प लिहून आणायला सांगितले होते. काल रात्री दप्तर भरलंय का बघायला गेले आणि सहज निबंधवही उघडली. पहिला संकल्प, सकाळी लवकर उठणार. दुसरा, अक्षर सुधारणार. तिसरा, सगळ्या भाज्या खाणार. चौथा होता, "मी आईची मीटिंग चालू असताना तिच्याशी बोलणार नाही." आणि पाचवा, "मीटिंग नसताना पण आधी विचारीन." त्यात आधी "विचारेन" लिहून खोडून खाली नीट "विचारीन" केलंय, म्हणजे घाईत काहीतरी खरडलेलं नाहीये, बसून विचार करून लिहिलंय त्याने.

मी तिथेच खाली बसले. २०२० च्या लॉकडाऊनपासून माझं काम घरूनच आहे आणि इतकी वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले की बरंय बाई, मुलं डोळ्यासमोर असतात. मुलं माझ्या डोळ्यासमोर होती पण मी त्यांच्या समोर कधी होते, हा प्रश्न काल पहिल्यांदा पडला. तो काही सांगायला आला की माझा हात वर होतो, थांब म्हणून, डोळे स्क्रीनवर. हे मी दिवसातून किती वेळा करते ते मोजलं नाही, मोजायची हिंमत नाही. नवऱ्याचं काम सेल्सचं, महिन्यातले पंधरा दिवस टूरवर.

गेल्या वर्षी मी फ्रिजवर मोठा चार्ट लावला होता, रोज गोष्ट, जेवताना मोबाइल बंद, रविवारी येऊरला फिरायला जायचं, महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाबरोबर वेगळं बाहेर. संक्रांतीपर्यंत चाललं. मग क्वार्टर एंड आलं आणि चार्टवर मुलीने स्टिकर चिकटवले.

मला याद्या नकोत, त्या सगळीकडे आहेत. तुमच्या घरात खरंच टिकलेलं असं काय आहे, ते सांगा. आणि वही वाचली हे त्याला सांगू की नको?

डोंबिवलीकर_बाबा, २ जानेवारी

ताई, पाचवा संकल्प वाचून गलबलून आलं.

मी सकाळी साडेसातच्या सुमाराची फास्ट पकडतो, घरात पाऊल ठेवेपर्यंत रात्रीचे पावणेनऊ. मुलगी आता सातवीत आहे. दोन वर्षं आमचं रोजचं बोलणं म्हणजे, आज शाळेत काय झालं, काही नाही, डबा संपवला का, हो, होमवर्क, झाला. तीन प्रश्न, तीन उत्तरं, मग ती तिच्या खोलीत. मला वाटायचं मुलगी घुमी झालीये.

गेल्या जानेवारीत बायकोने पाच किलो मटार आणले, वर्षाचे सोलून फ्रीजरला टाकतात ना तसे. रविवारी संध्याकाळी लाइट गेले, म्हणून आम्ही दोघं हॉलमध्ये मेणबत्ती लावून खाली चादरीवर सोलायला बसलो. पहिली दहा मिनिटं कुणीच बोललं नाही, नुसता शेंग फुटल्याचा आवाज आणि दाणे पातेल्यात पडतायत. मग ती खाली बघत आपणहून म्हणाली, "बाबा, ती आता दुसऱ्या बाकावर बसते." कोण ती, कुठला बाक, भांडण झालं का, असं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, पण देवाने काय बुद्धी दिली माहीत नाही, मी फक्त "हं" म्हटलं आणि पुढची शेंग उचलली. पुढची चाळीस मिनिटं ती बोलत होती. ऑगस्टपासून पोरगी शाळेत एकटी डबा खात होती आणि मी रोज विचारत होतो, डबा संपवला का.

त्या दिवसापासून आमच्याकडे हाताला काम काढतो. मेथी निवडायची, लसूण सोलायचा, भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. समोरासमोर बसवून विचारलं की ती तोंडी परीक्षा होते, मूल बरोबर उत्तर शोधायला लागतं. शेजारी बसून दोघांचेही डोळे हातातल्या कामाकडे असले की आतलं आपोआप वर येतं. माझा नियम एकच, त्या वेळात मी काही विचारत नाही आणि काही शिकवत नाही. दुसरं जास्त अवघड आहे.

रोज जमत नाही हे पण सांगतो. आठवड्यात तीन दिवस, त्यातले दोन शनिवार-रविवार. पण वर्षभर टिकलंय कारण त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही, ती कामं घरात कुणाला ना कुणाला करायचीच असतात.

अण्णा_सातारा, ३ जानेवारी

कुणी रागावू नका. आम्ही सहा भावंडं. वडील पहाटे रानात जायचे, आई दिवसभर चुलीपाशी. आमच्यासाठी कुणी वेगळा वेळ काढला नाही, आम्हाला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, तरी आम्ही मोठे झालो आणि आईबापावर जीव टाकतो. आजकालच्या आईबापांनी स्वतःला इतकं अपराधी वाटून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. पोरगं शिस्तीचं आहे, आईच्या कामाची कदर करतंय, चांगलंच की.

मनस्विनी_पुणे, ३ जानेवारी

मी समुपदेशनाचं काम करते, मुलांबरोबर आणि पालकांबरोबर. रेवाच्या आई, आधी तुमचा दुसरा प्रश्न घेते कारण तो तातडीचा आहे. सांगा त्याला. ती शाळेची वही आहे, लपवलेली डायरी नाही, आणि मला तर वाटतं ती तुमच्या हाती पडावी अशीच त्याने लिहिली असेल. फक्त सांगताना त्याच्यासमोर रडू नका. तुम्ही रडलात तर त्याला तुमची समजूत काढावी लागेल आणि जे मूल इतका विचार करून पाचवा संकल्प लिहितं ते पुढच्या वेळी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसेल. "वाचलं, बरं झालं लिहिलंस" इतकं पुरे.

आता टिकण्याबद्दल. पालक आणि लहान मुलं यांचं नातं सुधारण्यासाठी एक उपचारपद्धत आहे, पेरेंट चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, शीला आयबर्ग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात अमेरिकेत विकसित केलेली. ती मुळात दोन ते सात वर्षांच्या, खूप चिडचिड करणाऱ्या मुलांसाठी आहे. त्यात पालकांना घरी करायला जो गृहपाठ देतात तो किती वेळाचा असतो सांगू? रोज पाच मिनिटं. पाच मिनिटं मुलाबरोबर खेळायचं, खेळ काय ते मूल ठरवणार, आणि त्या पाच मिनिटांत तीन गोष्टी टाळायच्या, प्रश्न, हुकूम आणि टीका. त्याऐवजी मूल जे करतंय ते पाहून आपण फक्त बोलायचं, "अच्छा, लाल ठोकळा वर ठेवलास", मूल काही बोललं तर तेच आपल्या शब्दात परत म्हणायचं, त्याच्यासारखं आपणही करायचं, मनापासून आवडलं ते आवडलं म्हणायचं.

करून बघा म्हणजे कळेल पाच मिनिटं किती लांब असतात. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक पहिल्या मिनिटातच "हा कोणता रंग?" विचारतात. डोंबिवलीकर दादांनी मेणबत्तीच्या उजेडात जे केलं ते जवळपास हेच आहे, मुलगी मोठी आहे म्हणून ठोकळ्यांच्या जागी मटार.

आणि तुम्ही तो हात वर करून थांब म्हणता त्याबद्दल. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला एक प्रयोग आमच्या अभ्यासात असतो. आई तान्ह्या बाळाशी खेळत असते, मग तिला सांगतात की आता दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा, काही प्रतिसाद द्यायचा नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, मग नजर वळवतं, शेवटी रडायला लागतं. आई समोरच बसलेली असते, कुठे गेलेली नसते, तरी. मोबाइलमध्ये बघणाऱ्या आपल्या चेहऱ्याबद्दल बोलताना मला दर वेळी तो आठवतो. पण त्याच ट्रॉनिक यांनी पुढे हेही दाखवलं की चांगलं नातं असलेल्या आई-बाळाच्या जोड्यासुद्धा साधारण ३० टक्केच वेळ एकमेकांशी जुळलेल्या असतात. बाकीचा वेळ तार चुकते आणि परत लागते. ती परत लागणं महत्त्वाचं. म्हणून तुम्ही मीटिंगमध्ये थांब म्हणालात यात काही बिघडत नाही. मीटिंग संपल्यावर तुम्ही आपणहून त्याच्याकडे गेलात का, "मघाशी काय सांगत होतास" म्हणून, एवढंच बघा.

सिस्टर_नागपूर, ४ जानेवारी

सगळं वाचलं, चांगलं आहे, पण मला थोडं बोलायचं आहे. रोज ठरावीक वेळ, रोज जेवताना सोबत, हे ज्याच्या दिवसाला काही ठिकाणा आहे त्याच्यासाठी आहे. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. या आठवड्यात मॉर्निंग, पुढच्यात इव्हिनिंग, मग नाइट. मी घरी येते तेव्हा मुलगी शाळेत, ती येते तेव्हा मी झोपलेली नाहीतर ड्यूटीवर. नवरा नाही, माझी आई सोबत राहते. माझ्यासारख्या बायकांना असं वाचलं की अजूनच वाईट वाटते, म्हणून लिहून राहिली आहे.

आमच्याकडे वही आहे. दोनशे पानी, साधी, फ्रिजवर ठेवलेली. मुलगी दहा वर्षांची असताना सुरू केली, आता ती तेरा वर्षांची आहे आणि तिसरी वही चालू आहे. ती लिहिते, मी लिहिते, भेट झाली नाही तरी. नियम आम्ही दोघींनी मिळून केले. आजी पण वाचणार नाही. मी शुद्धलेखन दुरुस्त करणार नाही. कितीही थकली असली तरी त्याच दिवशी दोन ओळी का होईना उत्तर देणार. आणि वहीत लिहिलेल्या गोष्टीवरून तोंडी बोलणी बसणार नाहीत, हा नियम तिने टाकला.

बहुतेक पानं अशी असतात, "आई वरणात मीठ जास्त होतं", "माझ्या पेनाची रिफील संपली", "उद्या वीस रुपये". यात काय कनेक्शन असं वाटेल. पण मागच्या वर्षी नाइट करून सकाळी पावणेनऊला घरी आली, चहा ठेवला, वही उघडली, तर लिहिलेलं, "सायन्सचे सर बदलले. आणि मला आज पीरियड्स आले. आजीला सांगितलं, तिने पॅड दिला. मी तुझी वाट पाहणार होते पण झोप आली." मी गॅस बंद केला आणि उभ्या उभ्याच अख्खं पान लिहिलं. मला पहिल्यांदा आले तेव्हा काय झालं होतं, मी कशी घाबरली होती, माझ्या आईने काय केलं होतं, सगळं. ते पान तिने कोपरा दुमडून ठेवलं आहे. माझी ड्यूटी बदलून मिळाली नाही तेव्हा, मी तिथे नव्हतीच. पण तिला सांगायला जागा होती.

ती रोजची मिठाची आणि रिफीलची पानं नसती तर हे पण लिहिलं गेलं नसतं, हे मला पक्कं वाटते.

रेवाच्या आई, तुमचा मुलगा लिहिणारा आहे. लिहिणाऱ्याला उत्तर लिहून द्या.

दहावीचा_बाप, ४ जानेवारी

सिस्टर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं.

अण्णा, तुमचं म्हणणं मला पटतं आणि नाही पण पटत. मी गिरगावच्या चाळीत वाढलो. माझ्याही आईला वेळ नव्हता. पण माझ्यासाठी खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. नापास झालो तर मी आधी काकूंकडे जायचो, त्या पोहे द्यायच्या, मग आईला जिन्यात गाठून सांगायच्या की त्याला मारू नका हो, आधीच रडलाय. आजी होती, गच्चीवरची मोठी मुलं होती, समोरच्या खोलीतले पेपर वाचणारे आजोबा होते. तुम्हाला सहा भावंडं होती ना अण्णा, रात्री एका अंथरुणात कुजबुज चालायची ना. माझ्या मुलाला कोण आहे? टू बीएचके, दार बंद, आम्ही दोघं आणि तो एकटा. त्याच्या आयुष्यातल्या दहा माणसांचं काम आम्हा दोघांकडे आलंय आणि आम्ही ते करतोय का, तर नाही, आम्ही फक्त अभ्यास झाला का विचारतोय.

त्याची दहावी आहे. डिसेंबरच्या शेवटी प्रिलिमचे पेपर मिळाले, बीजगणितात ४० पैकी १७. मी ऑफिसमधून तसाच चिडलेला आलो होतो, दारातच सुरू झालो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. क्लासची फी काढली, मोबाइल काढला, चुलत भावाचे मार्क काढले. तो काही बोलला नाही, बूट काढत होता, एकच लेस सोडवत बसला होता बराच वेळ. मग खोलीत गेला.

तासाभराने मी गेलो. बायकोने पाठवलं नव्हतं, मलाच राहवेना. मी म्हटलं, "मी ओरडलो ते चुकलं. भीती माझी होती, ती तुझ्यावर काढली." एवढंच. त्यापुढे "पण तू सुद्धा" यायला बघत होतं, ते गिळलं. त्याने मान वर केली नाही, मी परत आलो. वाटलं वाया गेलं. तिसऱ्या रात्री अकरा वाजता तो किचनमध्ये पाणी प्यायला आला आणि फ्रिजचं दार उघडं धरून म्हणाला, "बाबा, मला सातवीपासूनच समीकरणं येत नाहीत. आता सांगून काय उपयोग म्हणून सांगितलं नाही." तीन वर्षं! तीन वर्षं पोरगं ते एकट्याने घेऊन फिरत होतं.

आता आम्ही सातवीचं पुस्तक घेऊन बसतो, रात्री अर्धा तास. बोर्डात काय व्हायचं ते होईल. ज्यांच्याकडे दहावी-बारावी आहे त्यांना हात जोडून सांगतो, जानेवारी-फेब्रुवारीत पोरांचं न बोलणं हलक्यात घेऊ नका. झोप उडाली, जेवण तुटलं, मूल निराशेचं बोलायला लागलं, तर थांबू नका, १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा, चोवीस तास असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

रेवाची_आई, ५ जानेवारी

काय लिहू. सगळ्यांचं सकाळपासून परत परत वाचतेय.

मनस्विनीताई, पाच मिनिटांचं करून बघते. अडचण अशी की मी मोठ्याजवळ बसले की धाकटी लगेच मांडीत येऊन बसते, तिला कसं सांगू? आणि दहा वर्षांच्या मुलाला हे चालेल का, ते तर छोट्या मुलांसाठी म्हणालात.

मनस्विनी_पुणे, ५ जानेवारी

धाकटीची पाच मिनिटं आधी करा, पोट भरलं की ती सोडते. घड्याळ तिच्या हातात द्या, मोठ्याच्या वेळेची राखण तिच्याकडे. दहा वर्षांच्या मुलाला शब्द बदलावे लागतात, "लाल ठोकळा ठेवलास" म्हटलं तर तो तुमच्याकडे विचित्र बघेल. त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याचं जे चाललंय त्यात. सुरुवातीला त्याला संशय येईल, येऊ द्या.

बालवाडीताई (डहाणू), ७ जानेवारी

मी बत्तीस वर्षं बालवाडीत होते, आता घरी असते. त्याच्या "जे चाललंय त्यात" जाऊन बसा हे वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

आमच्या इथे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, मग काम कोसबाडला गेलं. तेव्हा हा ठाणे जिल्हाच होता, पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती. येणार कशी, मोठी मुलं गुरं राखायला जायची आणि धाकट्या भावंडांना काखोटीला मारून न्यायची. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं यांना शिकायचंच नाही. यांनी काय केलं, मुलं जिथे गुरं चारतात तिथेच शाळा नेली. कुरणात. कुरणशाळाच म्हणायचे तिला. आणि धाकट्यांसाठी अंगणवाडी पाड्यावर, त्यांच्या अंगणात, तिथल्याच शंखशिंपल्या, बिया, दगड घेऊन.

मी नवी लागले तेव्हा मला पहिल्यांदा सांगितलं गेलं ते हेच की मुलांना बोलावू नकोस, तू जा. आईबापांना मी नेहमी हेच सांगत आले. आपण मुलांना आपल्या कार्यक्रमात बोलावतो, चला आता क्वालिटी टाइम, चला फिरायला, चला गप्पा मारू. त्याचं कुरण कुठे आहे ते आधी बघा बाळा. तो एकटा असताना तासन्‌तास काय करतो? तुला माहीत आहे का? नसेल तर आठवडाभर नुसतं बघ, काही करू नकोस.

आणि आता संक्रांत येईल म्हणून एक सांगते. बोरन्हाण बघते मी हल्ली. काळं झबलं, हलव्याचे दागिने, हॉल भाड्याने, मागे फुगे, आणि ज्याचं बोरन्हाण ते लेकरू घामाघूम होऊन रडतंय कारण त्याला फोटोसाठी चौथ्यांदा बोरं-चुरमुऱ्यांनी न्हाऊ घालतायत. बोरन्हाण म्हणजे आजूबाजूच्या पोरांनी झेप घालून बोरं, उसाचे करवे, गाठी वेचायच्या आणि एकच गलका करायचा, त्यात गंमत. मला फार वाईट वाटतं. घरातल्या चटईवर शेजारची चार पोरं बोलवा, फोन कपाटात ठेवा, बास.

स्टुटगार्टहून_केतकी, ८ जानेवारी

थोडं वेगळं, पण लिहिते. आमचा चार वर्षांचा, किंडरगार्टनमध्ये दिवसभर जर्मन, घरी आल्यावर पण जर्मनच बोलायला लागला होता आणि मराठीत विचारलं की चिडायचा. आम्ही मागे लागायचो, नीट मराठीत बोल. मग माझ्या सासूबाईंनी इचलकरंजीहून व्हिडिओ कॉलवर एक सुरू केलं, त्या पोळ्या लाटतात आणि हा इथे प्लेडोच्या पोळ्या लाटतो, रोज नाही, आठवड्यातून दोनदा, शनिवारी नक्की. दोघं फार बोलत पण नाहीत. आता तो "आजी, माझी फुगली" असं ओरडतो. स्क्रीन स्क्रीन म्हणून मला आधी धाकधूक होती, पण भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनांमध्ये सुद्धा दोन वर्षांखालच्या बाळांना स्क्रीन नको म्हणताना नातेवाइकांचा अधूनमधूनचा व्हिडिओ कॉल वेगळा काढलाय, ते वाचून बरं वाटलं. डोंबिवलीकरांचे मटार वाचले आणि कळलं की आजींनी तेच केलं.

अण्णा_सातारा, ८ जानेवारी

दहावीच्या बाबांना, अंथरुणातली कुजबुज खरी आहे. थोरली बहीण होती माझी. सगळं तिला सांगायचो. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आज नातवाला फोन केला.

रेवाची_आई, १९ जानेवारी

उशिरा लिहितेय पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बालवाडीताई, तुम्ही म्हणालात तसं तीन-चार दिवस नुसतं बघितलं. तो रोज संध्याकाळी गॅलरीत पाठ टेकून बसतो, मांडीवर जुनं इतिहासाचं पुस्तक आणि एक रफ वही. मला वाटायचं वाचतोय. तो बुक क्रिकेट खेळतो! पुस्तक मधेच उघडायचं, पानाच्या नंबराचा शेवटचा आकडा म्हणजे रन, शून्य आलं की आउट. आपण पण खेळायचो. वहीत अख्ख्या टूर्नामेंट आहेत, आमच्या बिल्डिंगच्या ए विंगपासून डी विंगपर्यंत टीम, प्रत्येकाची सरासरी काढलेली, दोन दशांश स्थळांपर्यंत. वॉचमनकाका ओपनिंगला येतात. हे जूनपासून चाललंय आणि माझी खुर्ची त्या गॅलरीपासून पाच फुटांवर आहे.

पहिल्या दिवशी लॅपटॉप मिटून जाऊन बसले. तो म्हणाला, "मीटिंग नाहीये?" मी म्हटलं नाही. म्हणाला, "मग काही काम आहे का?" ते जिव्हारी लागलं. मी म्हटलं, "नाही रे, बघतेय." रेवा दाराशी मोबाइलचा टायमर घेऊन उभी होती, पाच मिनिटं झाली की मोठ्याने ओरडायची म्हणून. तोंडातून दोनदा प्रश्न निघाले, बाकी सांभाळलं. पाच मिनिटं झाली तरी मी उठले नाही आणि तो पण काही म्हणाला नाही.

वहीचं तिसऱ्या दिवशी सांगितलं. "तुझे संकल्प वाचले, बरं झालं लिहिलंस." तो थोडा वेळ पानं उलटत राहिला, मग म्हणाला, "खोडू का?" मी म्हटलं नको, तुला वाटलं ते लिहिलंस. आणि सिस्टरताई, तुमचं ऐकून मी त्याच्या रफ वहीच्या शेवटच्या पानावर त्याला विचारून लिहिलं, की मीटिंग चालू असताना तू येऊन ओट्यावर एक चमचा ठेव, मला दिसेल, मीटिंग संपली की मी चमचा घेऊन तुझ्याकडे येईन. पहिल्या आठवड्यात सहा चमचे झाले. एक दिवस मी विसरले, रात्री दहाला ओट्यावर चमचा दिसला, तो झोपला होता. सकाळी दूध देताना सांगितलं, चुकलं माझं, काय सांगायचं होतं, तर म्हणे, "आता जुनं झालं, पण सांगतो." सांगितलं.

संक्रांतीला नवरा घरी होता, चौघांनी मिळून मटार सोलले, अडीच किलो. रेवाने त्यातले अर्धे खाल्ले. आता ओल्या हरभऱ्याच्या जुड्या आणणार आहे, सोलायला जास्त वेळ लागतो म्हणून.

आणि मला बी विंगच्या टीममध्ये घेतलंय. अकराव्या नंबरवर होते, पहिल्या मॅचला शून्यावर आउट. काल संध्याकाळी चोवीस केले, आता सातव्या नंबरवर येते.